सागरी मार्गाला मॅन्युअल पिकअप नेऊ नका

"घाट आणि चिखल असेल तर मॅन्युअलच घे." पिकअप घेताना हे वाक्य मला निदान दहा जणांनी ऐकवलं. शोरूममधल्या मुलाने ऐकवलं, ऑफिसातल्या दोघांनी ऐकवलं, आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) कधी चालवलीच नाही अशांनीही ऐकवलं. मी ऐकलं आणि मॅन्युअल, म्हणजे हाताने गिअर बदलायची, घेतली. कोकणच्या सागरी मार्गावर, हेदवीच्या अलीकडच्या एका ७०० मीटरच्या चढणीवर त्याची किंमत मोजली. हायड्राचे (गाडी ओढून काढणाऱ्या क्रेनचे) ८,०००, गाडी चिपळूणला उचलून न्यायचे ७,५०० आणि क्लचचं बिल ४१,६००. एकूण ५७,१०० रुपये आणि अडीच दिवस. बाकी सहल छान झाली, पण त्याबद्दल इथे फारसं लिहिणार नाही.

मे २०२५ चा तिसरा आठवडा होता. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कसा कोसळला ते कोकणातल्यांना आठवत असेल. आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो, माझी मॅन्युअल आणि मावसभावाची ऑटोमॅटिक. दोन्ही डबल कॅब, फोर बाय फोर, डिझेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा दोष नाही. मागे सामान होतं ते आमच्या जुन्या बागेसाठी: पंप, पाइपांची भेंडोळी, पाण्याची टाकी, सिमेंटच्या चार गोण्या. इथेच एक सांगतो. खासगी नोंदणीच्या डबल कॅब पिकअपवर किती वजन चालतं याची लोकांची कल्पना बोलेरो पिकअपवरून आलेली असते. ती टनाच्या वर नेते, ही नेत नाही. आकडा कागदपत्रांत बघून मगच भरा.

ज्यांना दोन्ही गिअरबॉक्सांतून निवड करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे ऑटोमॅटिक मिळते अशा पिकअप मोजक्याच: टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस. हायलक्सचं इंजिन २.८ लिटरचं, टॉर्क (इंजिनाची ओढ) मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला ५००. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं, दोन्हीकडे ३६०. दोन्हींची ऑटोमॅटिक सहा गिअरची आणि टॉर्क कन्व्हर्टरवाली (तो काय करतो ते पुढे येईल). बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धा बघत असाल तर निवडीचा प्रश्नच नाही, तिथे मॅन्युअलच आहे.

पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर असा पहिला दिवस. ताम्हिणीच्या उतारावर भाऊ पुढे होता. विळ्याच्या बाजूला उतरताना त्याच्या गाडीच्या मागे मला करपल्याचा वास यायला लागला. फोन करून त्याला थांबवलं. चाकांजवळ हात नेला तर धग लागत होती. गडी पूर्ण घाट 'डी'मध्ये (गाडी स्वतः गिअर निवडते त्या मोडमध्ये) ठेवून ब्रेकवर उतरला होता. पेडल मऊ लागायला लागलं होतं, तरी त्याला वाटलं गाडी नवी आहे म्हणून तसं असेल. वीस मिनिटं गाड्या उभ्या केल्या, मग लिव्हर हाताने गिअर निवडायच्या खाचेत ओढून दुसरा-तिसरा गिअर धरायचा कसा ते त्याला दाखवलं. पुढचा उतार तो ब्रेकला फारसा पाय न लावता उतरला. ऑटोमॅटिकवाल्यांनो, ही गोष्ट घर सोडण्याआधी शिकून घ्या. घाट चढताना गाडी स्वतःचं बघते, उतरताना बघेलच असं नाही. ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरायचं हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम ऑटोमॅटिकलाही तसाच लागू आहे.

त्या दिवशी मला वाटलं, मॅन्युअलवाले बरोबरच सांगत होते.

दुसरा दिवस फेरीबोटींचा. बागमांडला ते वेशवी, मग केळशी, आंजर्ले, दापोली करत दाभोळ, तिथून पलीकडे धोपावे. रस्ता अरुंद, पण गाड्या मजेत गेल्या. फेरीचा अनुभव मात्र सांगायलाच हवा. पिकअप सव्वापाच मीटरपेक्षा लांब आहे. जेट्टीचा उतार ओला होता, भरतीच्या रेषेखाली शेवाळं धरलेलं होतं, आणि खलाशी सांगत होता की रिव्हर्स घेऊन बोटीत लावा. मागे पाणी, डावीकडे मोटारसायकली, उजवीकडे हातभर अंतरावर दुसरी गाडी. मॅन्युअलमध्ये हे सगळं हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, करावं लागतं. इंचभर मागे, थांब, परत इंचभर. माझी पोटरी थरथरत होती. भावाने ब्रेकवरचा पाय नुसता हलका केला, गाडी आपोआप सरकत गेली, पाय दाबला की थांबली. दोन मिनिटांत त्याची गाडी लागली. माझ्या क्लचचं आयुष्य कमी व्हायला तिथूनच सुरुवात झाली असणार, असं आता वाटतं.

एका जेट्टीवर (कुठल्या ते नको) आमच्या गाड्या टेम्पोत धरून जास्त पैसे घेतले. मी मुकाट्याने दिले. भावाने आरसी काढून दाखवली, खासगी नोंदणी बघितल्यावर त्याला मोटारीचा दर लावला. पैसे देण्याआधी दरफलक वाचा आणि कागद खिशात ठेवा. पावती फाटल्यावर कोणी फरक परत करत नाही.

आता ती चढण.

आमची बाग सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) खाली वाडीत आहे. वरच्या डांबरी रस्त्यावरून खाली उतरणारा कच्चा रस्ता साधारण ७०० मीटरचा. वर जांभा उघडा पडलेला, मध्ये लाल माती, आणि दोन वळणं इतकी आखूड की पिकअप एका दमात वळत नाही. पिकअपला वळायलाच सहा मीटरच्या वर त्रिज्या लागते. पहिल्या वळणावर सिमेंटचा पट्टा टाकलाय, दुसऱ्यावर नाही. आदल्या रात्री धो धो पाऊस झालेला. सकाळी उतरताना काही त्रास झाला नाही. फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि ओढ जास्त), पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलांवरून काढून घेतले आणि गाडी बैलगाडीच्या वेगाने खाली गेली. उतरणीसाठी मॅन्युअलचं कौतुक करायचं तर इथे करतो, ते खरं आहे.

दुपारी चार वाजता परत निघालो. गाड्या रिकाम्या, माझ्यात हापूसच्या सहा पेट्या तेवढ्या. रिकामी पिकअप भरलेलीपेक्षा वाईट चढते हे मला माहीत नव्हतं. वजन सगळं पुढे, मागची चाकं हलकी, चिखल लागला की ती नुसतीच फिरतात. वरच्या सिमेंटच्या पट्ट्यावर फोर व्हील अडकायला नको म्हणून मी टू हायमध्येच, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर, निघालो. कोरड्या, पकड असलेल्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळलं तर पुढच्या आणि मागच्या चाकांची ओढाताण होते, हे बरोबरच आहे. पण तो पट्टा वीस मीटरचा आणि चिखल पाचशे मीटरचा, हा हिशेब मी केला नाही.

खालच्या वळणावर चाकं फिरली. मी फोर हाय (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्याच वेगाचे गिअर) लावली. गाडी थोडी चढली, वळणात अडकली. मागे घेतली, पुढे काढली, परत मागे. प्रत्येक वेळी हँडब्रेक, हाफ क्लच, रेज, सोड. इंजिन बंद पडेल या भीतीने जास्त रेज आणि जास्त हाफ क्लच. असं पाच-सहा वेळा झालं. शेजारच्या दगडी गडग्यावर उभ्या असलेल्या आजोबांनी हाक मारली, "अवो, वास येतोय, थांबवा तिला." मला तोवर वास आलाच नव्हता, काचा बंद होत्या. काच खाली केली आणि तो आंबट, करपलेला वास थेट घशात गेला. क्लच सोडला तर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. तिथेच संपलं.

मागून भाऊ आला. वळणाच्या खाली उभा राहून त्याने न्यूट्रल केलं, फोर लो लावली, लिव्हरने पहिला गिअर धरला. माझ्या गाडीच्या बाजूने जेमतेम जागा होती. त्याचं लायसन्स काढून तीन वर्षं झालीत, माझं बावीस. वळणात तोही दोनदा मागे-पुढे झाला, तेवढंच. न रेज, न वास. वर जाऊन त्याने हॉर्न दिला.

कोणी म्हणेल, तूही आधीच फोर लो लावली असतीस तर मॅन्युअल चढली असती. चढली असती. हे मी मान्य करतो, आणि मॅन्युअलवाल्यांनी हे कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवावं: कच्ची, ओली चढण दिसली की आधी थांबा, न्यूट्रल करा, फोर लो लावा, मग चढा. लो लावायला गाडी उभी करावी लागते, मध्येच अडकल्यावर ते सुचत नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. दिवसभर पाइप उचलून थकलेला माणूस चूक करणारच. ऑटोमॅटिकमध्ये ती चूक तेलात जिरते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टरचं तेल असतं, घसरायचं ते तेल घसरतं, तापलं तर कूलरमधून फिरून थंड होतं. शिवाय गाडी जागची हलत नसताना तोच कन्व्हर्टर इंजिनाची ओढ दीड ते दोन पटीच्या घरात वाढवून चाकांकडे देतो. मॅन्युअलमध्ये तीच उष्णता एका ताटलीएवढ्या प्लेटवर निघते, आणि तिला थंड करायला काही नाही.

चिपळूणच्या मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी ती प्लेट काढून हातात दिली. अस्तर काळंकुळीत, कडेला तडे, रिव्हेटची डोकी उघडी पडलेली. बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत लागलं. प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग होते. मिस्त्री म्हणाला, "साहेब, प्लेट अजून पुष्कळ चालली असती. ही एका दिवसात गेलीय." तो प्रामाणिक माणूस होता. सेट चिपळुणात नव्हता, कोल्हापूरहून ट्रॅव्हल्सने मागवला, त्यात दीड दिवस गेला. बोलेरोच्या प्लेटा त्याच्या फडताळात चार होत्या. गावातला माणूस पिकअप घेताना हेच बघतो आणि बरोबर बघतो.

हायड्राचं मात्र मनातून जात नाही. पहिला भाव सांगितला १२,०००. अंतर किती, तर वरच्या रस्त्यापर्यंत ४०० मीटर. अंधार पडत होता, पाऊस परत सुरू होण्याची लक्षणं होती, आणि त्या माणसाला हे माझ्याइतकंच कळत होतं. ८,००० ला मिटलं. टोचन लावून ट्रॅक्टरने ओढली असती तर हजारभरात काम झालं असतं, असं नंतर वाडीतल्याच एकाने सांगितलं. वाडीत ट्रॅक्टर कोणाकडे आहे ते उतरण्याआधी विचारून ठेवा, नंबर घ्या. शॅकल आणि ओढपट्टा तुमच्याकडे असेलच, आमच्याकडेही होता. ट्रॅक्टर शोधायचं सुचलं नाही.

ऑटोमॅटिकचे दोष लपवत नाही. बॅटरी उतरली तर ढकलून चालू होत नाही, जंपर केबल जवळ हवीच. बंद पडली तर चाकं रस्त्यावर ठेवून लांब ओढता येत नाही, कारण गिअरबॉक्सच्या तेलाचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत तेल फिरत नाही. तिला चारही चाकं उचलूनच न्यावं लागतं आणि सागरी मार्गावर तशी गाडी मिळायला वेळ लागतो. डिझेलही जास्त खाते. आमच्या हिशेबात माझी लिटरला १२.८ गेली, त्याची ११.५. किंमतही जास्त. तरीही मी सांगेन, ऑटोमॅटिक घ्या. जे गावातच राहतात, रोज टनभर माल भरतात आणि ज्यांचा मिस्त्री हाकेच्या अंतरावर आहे, त्यांनी मॅन्युअल घ्यावी. पुण्या-मुंबईहून वर्षातून चार वेळा कोकणात उतरणाऱ्याने घेऊ नये.

मधले दोन दिवस भावाच्या गाडीने तवसाळहून जयगडला फेरीने गेलो, मग गणपतीपुळे, आरे-वारे, पावस. रस्ता चांगला, अडचण काही नाही. वाळूत गाडी उतरवू नका, एवढंच सांगतो. पुळणीवर रुतलेली एक गाडी आम्ही भरतीच्या वेळी बघितली आणि तिचा मालक ज्या चेहऱ्याने पाण्याकडे बघत होता तो चेहरा मला ओळखीचा वाटला.

परतीला कुंभार्ली घाट चढून पाटण, कराड, पुणे. नवा क्लच होता म्हणून मिस्त्रीने पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवायला सांगितलं होतं. पूर्ण घाट मी गाडी एकदाही हाफ क्लचवर धरून ठेवली नाही. ट्रकच्या मागे अडकलो की थांबायचं, अंतर पडू द्यायचं, मग पहिल्यात टाकून निघायचं आणि क्लच लगेच पूर्ण सोडायचा. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

दिवाळीनंतर पाइपलाइनचं उरलेलं काम करायला परत जायचंय. गाडी विकायला काढली आहे. क्लच नवा आहे, बिल दाखवेन.