बर्डीची गाठ: गाडी न काढता दोन दिवसांचं नागपूर, फेरी पाचवी

रहाटे कॉलनी मेट्रो स्टेशनच्या जिन्यापासून दीक्षाभूमीच्या फाटकापर्यंत माझ्या चालीनं सतरा मिनिटं लागतात, आईच्या चालीनं सव्वीस. गेल्या रविवारी आम्ही दोघं घड्याळ लावून चाललो आणि हे आकडे हाती आले. तीन आठवडे अडून बसलेला शनिवारचा बेत त्यामुळे एकदाचा जागेवर बसला.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबरात पुण्याहून मावशी येतेय. वय सदुसष्ट, गुडघा कुरकुरतो, पण हौस दांडगी. दोन दिवसांत तिला नागपूर दाखवायचंय आणि घरची गाडी काढायची नाही, असं मी ठरवलंय. मेट्रो, शहर बस आणि पायी. जिथे इलाजच नाही तिथे ऑटो. हे सांगितलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बसायला जागा मिळेल ना रे? मग चालेल. गाडीच्या मागच्या सीटवरून मला गाव दिसतच नाही, नुसत्या दुकानांच्या पाट्या दिसतात." तेव्हापासून दर सुटीला एकेक तुकडा प्रत्यक्ष चालून बघतोय.

पहिल्या फेरीत माझी चूक झाली ती यादीपासून. प्रसिद्ध ठिकाणं एकाखाली एक लिहिली, अकरा भरली, आणि मग त्यांना जोडत सुटलो. संध्याकाळपर्यंत मी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून, सहा वेळा ये-जा केली होती आणि ठिकाणं पाहून झाली होती चार. घरी येऊन मेट्रोचा नकाशा जमिनीवर पसरला तेव्हा लक्षात आलं की आखणी त्यातच काढून ठेवलेली आहे. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत उत्तर-दक्षिण जाते, अ‍ॅक्वा लाइन प्रजापती नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. म्हणजे बर्डीपासून चार फांद्या निघतात. आणि शनिवार-रविवार मिळून अर्धे दिवसही चारच होतात! एका अर्ध्या दिवसाला एकच फांदी, दुपारचं जेवण बर्डीच्या आसपास, पुढची फांदी जेवणानंतर. २०१९ च्या मार्चमध्ये खापरी-बर्डी गाडी सुरू झाली तेव्हा असं काही करता येत नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही मार्ग टोकापासून टोकापर्यंत खुले झाले, तेव्हा चारही दिशा हातात आल्या.

उत्तरेची फांदी शनिवारी सकाळची. यात सगळ्यात जास्त जीव गुंतलाय, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

बर्डीनंतरचं पहिलंच स्टेशन झिरो माइल. खाली उतरून चार पावलांवर तो वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे. भारताचा मध्यबिंदू म्हणून फोटो काढून लोक निघून जातात. खरं तर ही त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण आहे, तिथला दगड १९०७ चा, आणि पाहण्यासारखी वस्तू घोड्यांच्या बाजूला आहे. त्या दगडावर गावांची नावं आणि मैलांत अंतरं कोरलीत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, चांदा (आजचं चंद्रपूर) १२५, शिवणी, छिंदवाडा, बैतूल. मुंबईचं नाव नाही, पुण्याचं नाही. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होतं त्याचा सगळा शेजार त्या यादीत आहे. त्यातली बहुतेक गावं आज दुसऱ्या राज्यांत आहेत. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो. चांद्याच्या आकड्यावरून बोट फिरवलं तर कोरीव कडा अजून लागते. मावशीला हे दाखवायचंच, कारण आजोबांची बदली चांद्याला झाल्याच्या गोष्टी तिनंच आम्हाला सांगितल्यात.

तिथून अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, चालत जाण्याजोगं आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेलं. मूर्ती, शस्त्रं, आदिवासी कला, पशुपक्ष्यांची दालनं. दुसऱ्या फेरीत मी जोडून सुटी आली म्हणून सोमवारी गेलो आणि बंद दारासमोर उभा राहिलो. सोमवारी ते बंद असतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तीन दिवसांचा बेत आखणाऱ्यांनी हे आधी लिहून ठेवा: नागपुरातली बघायची कितीतरी दारं सोमवारी लागलेली असतात, तो दिवस तलाव आणि देवळांसाठी ठेवावा.

त्यापुढचं स्टेशन कस्तुरचंद पार्क. इथे तर्री पोहे. साध्या कांदेपोह्यांवर काळ्या चण्यांची लालभडक तर्री ओततात, वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू. गाड्यांवर उभं राहून खायचे असतात, म्हणून मावशीसाठी बसायची जागा शोधून ठेवलीय. मैदानाच्या कडेनं सावलीत एक कट्टा आहे. तर्री तिला वेगळ्या वाटीत द्यायला सांगणार. पुण्याच्या जिभेला एकदम सोसायची नाही.

पोह्यांनंतर गाडीत पुन्हा बसायचं आणि गड्डीगोदामला खिडकीतून खाली बघायचं. तिथे एकावर एक चार वाटा आहेत: तळाला रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण. दोनदा माझी नशिबानं गाठ पडली आणि खालून मालगाडी जात होती. डब्यात काचेला नाक लावून उभ्या असलेल्या एका पोरानं आईला विचारलं, "आई, आपण गाडीवरून गाडीत चाललो का?" अगदी तेच.

कडबी चौकाला उतरलं की मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. २००२ मध्ये उघडलेलं. आपल्या विदर्भातल्या, सातपुड्यातल्या अडीच फुटी रुळांची ही एक सांभाळलेली जागा. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. ब्रॉडगेजसाठी ते आवश्यकच होतं, पण मी लहानपणी नागभीडच्या गाडीत बसलोय आणि इथे जुन्या डब्याच्या लाकडी बाकावर हात ठेवला की पोटात काहीतरी हलतं. वाफेचं इंजिन, कंदील, टोकनची यंत्रं, खेळण्याची गाडी. संध्याकाळी मुलांची झुंबड असते, सकाळी निवांत. स्टेशनपासून चालायला फार नाही, पण मधला चौक ओलांडायला वेळ लागतो; वृद्ध माणूस बरोबर असेल तर पाच मिनिटं जास्तीची धरा.

सीताबर्डीचा किल्ला मात्र मी यादीतून काढलाय. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज जिथे लढले ती टेकडी स्टेशनवरून दिसते. पण तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी उघडतो तो २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा दिवशी. ज्यांचा बेत त्या तारखांना लागून असेल त्यांनी सोडू नये.

दक्षिणेची फांदी शनिवारी दुपारनंतर, म्हणजे दीक्षाभूमी. इथे अडलो होतो दोन गोष्टींमुळे. एक, अंतर: मेट्रो दारात सोडत नाही. दुसरी, ऊन. चौथ्या फेरीत मी दुपारी दोनला पोहोचलो. ऑक्टोबरचं ऊन होतं. चपला काढून स्तूपाकडे निघालो तर फरशी तळव्यांना अशी चटकत होती की मी अक्षरशः सावलीवरून सावलीवर उड्या मारत गेलो. मोबाइलवरच्या नकाशात अंतर दिसतं, मिनिटं दिसतात, फरशीचा ताव दिसत नाही. नागपुरात गाडीच्या आणि दाराच्या वेळेइतकंच उन्हाचंही वेळापत्रक सांभाळावं लागतं. म्हणून आता आम्ही रहाटे कॉलनीला साडेतीननंतर उतरणार, जाताना ऑटो करणार आणि येताना, ऊन कललं की, मावशीची इच्छा असेल तर चालणार. सव्वीस मिनिटांत मध्ये बसायला तीन जागा आहेत, आईनं प्रत्येकीवर बसून पाहिलंय.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जिथे बौद्ध धम्म स्वीकारला ती ही जागा. अर्धगोलाकार स्तूप आतून पोकळ आहे, आणि आत पाऊल टाकल्यावर आवाज आपोआप खाली येतो. कोणी सांगावं लागत नाही. बाहेर अनुराधापूरहून आणलेल्या रोपांचा बोधिवृक्ष आहे. घाई करण्याची ही जागा नाही, आणि म्हणूनच या फांदीवर मी दुसरं काहीही ठेवलेलं नाही. दसऱ्याच्या आसपास येणाऱ्यांनी दोन गोष्टींपैकी एक पक्की करावी: धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सोहळ्यासाठी यायचं, मग तो एकच कार्यक्रम, नाहीतर आठवडाभर पुढे-मागे व्हायचं.

रविवारी सकाळी पूर्वेकडे. कॉटन मार्केटला उतरून गांधीसागर, म्हणजे जुनी माणसं ज्याला शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलाव म्हणतात तो. समोर रमण विज्ञान केंद्र, १९९२ पासूनचं. मावशीला तारांगण दाखवायचं की नाही हे अजून ठरत नाही. तिथे गेलं की महाल राहतो. मला विचाराल तर महाल. गांधी गेट, भोसल्यांचे वाडे, बडकस चौक, गल्लीत अजून तग धरून असलेल्या लाकडी खांबांच्या ओसऱ्या. रविवारी सकाळी रहदारी उतरलेली असते, माणसाला मान वर करून बघता येतं.

तिसऱ्या फेरीत परतीची बस पकडायला बडकस चौकाजवळ उभा राहिलो. अर्धा तास गेला. शेवटी पानठेल्यावरच्या काकांनीच हाक मारली, "भाऊ, बर्डीची बस पाह्यत असान तर समोरून भेटते, इकडून नाई." मी चुकीच्या बाजूला उभा होतो. तेव्हापासून वहीत प्रत्येक थांब्यापुढे "कोणत्या बाजूला" हा वेगळा रकाना ओढलाय. बसनं हिंडणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे: थांब्याचं नाव अर्धीच माहिती असते. जवळचं दुकान, झाड, खांब, काहीतरी लिहून ठेवा.

पश्चिमेची फांदी शेवटी ठेवली ती संध्याकाळसाठी. लोकमान्य नगरकडे जाताना उजव्या खिडकीशी बसायचं. धरमपेठ कॉलेज सोडलं की सुभाष नगरच्या अलीकडे अंबाझरीचं पाणी दिसायला लागतं. नाग नदीच्या वाटेवरचं हे पाणी, जिच्या नावावरून आपल्या गावाचं नाव. मी एकदा टोकापर्यंत जाऊन त्याच गाडीनं परत आलो, फक्त ते पाणी दोनदा बघायला. मग शंकर नगरला उतरून ऑटोनं फुटाळा. तिथे मेट्रो नाही, आणि अंधार पडताना बसच्या भरवशावर मावशीला ठेवायची माझी तयारी नाही. डिसेंबरात नागपूरचा सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो. म्हणजे पावणेपाचला शंकर नगर सोडायलाच हवं. जेवणानंतर ती आडवी झाली तर ही फांदी गेली, म्हणून रविवारचं जेवण हलकं: झुणका-भाकर, पाटोडी नको.

तारखेबद्दल एक महत्त्वाचं. मूळ बेत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचा होता. पण विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारण त्याच सुमारास असतं, आणि विधान भवन झिरो माइलच्या अगदी शेजारी. मोर्चे, बंदोबस्त, वळवलेले रस्ते, हॉटेलं भरलेली. मेट्रो चालते, पण खाली उतरल्यावर पायी फिरण्याचा जो मोकळेपणा लागतो तो त्या दिवसांत मिळत नाही. मावशीला सांगितलं, तिनं तिकीट पुढच्या आठवड्यावर नेलं. त्या दिवसांत अंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. सांबारवडीचा विषय तर तिनंच काढला. पुण्यात मागितली तर लोक सांबारात वडा बुडवून देतात म्हणाली. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला अजून आठवतं.

एक सांधा उरलाय. तिला कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर बघायचंय, आणि ते चारही फांद्यांच्या बाहेर आहे. ऑटोमोटिव्ह चौकात ऑरेंज लाइन संपते. तिथून पुढे बस किंवा शेअर ऑटो. येत्या शनिवारी आई आणि मी सकाळच्या गाडीनं निघतोय. घड्याळ, पाण्याची बाटली आणि तो नवा रकाना आखलेली वही सोबत आहे. तिकडून परत येताना उभं राहायला कोणती बाजू लागते, ते कोणाला माहीत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.