टीडीएस चढला, केएच संपला: संध्याकाळच्या पीएचचं कोडं सुटलं

माझ्या कोई माशांच्या पाँडमधलं पाणी शेवाळाने हिरवं झाल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं; ते अजून गेलेलं नाही, पण मासे रोज संध्याकाळी वर येऊन का धापा टाकतात ते कळलं. ऑक्सिजन कमी असता तर पहाटे आले असते. हिरव्या पाण्यात दुपारनंतर तो भरपूर असतो. सकाळी सहाला पीएच ७.६ आणि संध्याकाळी पाचला ९.०! शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आणि तो झटका झेलायला केएच (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, जो पीएच स्थिर ठेवतो; अंशांत मोजतात) उरला होता जेमतेम २.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ६०० दिसतोय, म्हणजे केएचही असेलच असं समजून तो तपासलाच नव्हता. नागपूरच्या मे महिन्यात पाणी उडतं, नळाची भर पडते, क्षार साचून टीडीएस चढतो. बायोफिल्टर (जिवाणूंचा फिल्टर) मात्र माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवताना केएच खातच असतो. टंचाईमुळे पाणी बदलणं थांबलं की तो भरून निघत नाही.

अमोनिया ०.५ होता. तीस अंशांना, पीएच ७.६ असताना, त्यातला साधारण ३ टक्केच विषारी, ९.० ला जवळपास ४५ टक्के. खाणं लगेच बंद.

१००० लिटरला ३० ग्रॅम खायचा सोडा टाकला की केएच १ ने वाढतो. पाँड ६००० लिटरचा, २ वरून ६ वर न्यायचा, म्हणजे ७२० ग्रॅम. रोज सकाळी १८० ग्रॅम बादलीत विरघळवून पंपाच्या धारेखाली, चार दिवस. इतवारी बाजारातला सुटा खायचा सोडा चालतो; धुण्याचा सोडा चुकूनही नको, पीएच भडकतो. केएचसाठी थेंबांचंच किट घ्या, पट्ट्या एकदा दमट झाल्या की भरवशाच्या राहत नाहीत.

चौथ्या संध्याकाळी पीएच ८.३! शोवा जातीच्या कोईचे आवळलेले पर पंख्यासारखे उघडले, कल्ल्यांची उघडझाप संथ झाली.

शेवाळ मारणारा यूव्ही दिवा आजच लावणार होतो, पण शेवाळ एकदम मेलं तर सडून अमोनिया वाढेल आणि ऑक्सिजन घटेल. म्हणून आधी सावलीसाठी ग्रीन नेट, दुसरा एअर पंप, मग यूव्ही. तोही त्याच्या नळीवरचा पांढरा थर लिंबूसत्वाने काढून. फिल्टरमध्ये शिंपल्यांची पिशवी टाकायचा बेतही पुढे ढकलला: पीएच ८ च्या वर शिंपले फारसे विरघळत नाहीत. पावसाचं मऊ पाणी पाँडमध्ये शिरू लागलं की त्यांचा खरा उपयोग. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत केएच दर तीन दिवसांनी तपासायचा, ५ च्या खाली गेला की पुन्हा सोडा.