क्रिएटिनची सायकल आणि आईच्या सोयाबीन वड्या

परवा जिममध्ये एक पोरगा क्रिएटिनबद्दल, म्हणजे ताकद वाढवायला घेतात त्या पावडरीबद्दल, विचारत होता, दादा, याची सायकल किती आठवड्यांची करू, आणि मला माझं पहिलं वर्षच आठवलं, मलाही तेव्हा आठ आठवडे चालू चार आठवडे बंद असंच सांगितलेलं. अरे, क्रिएटिन मोनोहायड्रेटला, म्हणजे क्रिएटिनच्या नेहमीच्या प्रकाराला, सायकल लागतच नाही. रोज 3 ते 5 ग्रॅम पाण्यात ढवळायचं, ग्लासच्या तळाशी पांढरी पूड राहते ती परत थोडं पाणी घालून प्यायची, झालं. लोडिंग, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस जास्त डोस, केलं तर स्नायूंतला क्रिएटिनचा साठा आठवडाभरात भरतो, नाही केलं तर तीन-चार आठवडे, एवढाच फरक. आणि हो, रक्त तपासायला जाताना डॉक्टरांना सांगा बरं का, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीत बघतात तो आकडा, थोडं जास्त दिसू शकतं.

प्रोटीनचं म्हणाल तर माझं वजन 70 किलो, मी रोज 110-115 ग्रॅम धरतो. सकाळी चार अंडी म्हणजे साधारण 24 ग्रॅम, मग दुपारी आई सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून दोन्ही तळहातांत घट्ट पिळते आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोडते, कोरड्या 50 ग्रॅम वड्यांत 25 ग्रॅम प्रोटीन येतं राव! बाकी चिकन, डाळ, दही, आणि कमी पडलं तरच एक स्कूप व्हे, म्हणजे दुधापासून काढलेली प्रोटीन पावडर.