साडेदहाला संपणारं अंडं

परवा सकाळी हायवेवरच्या एका फास्टफूडवाल्याच्या ड्राइव्ह-थ्रूला पोचले तेव्हा घड्याळात दहा बत्तीस झाले होते, आणि स्पीकरमधून ती मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली की ब्रेकफास्ट संपला. दोन मिनिटं!! पुढच्या गाडीवाल्याने कॉफी तीनदा बदलली नसती तर मिळालं असतं मला. मग मुकाट फ्राइज घेतल्या आणि पार्किंगमधे बसून नवऱ्याला फोन लावून कटकट केली, तर तो म्हणे अगं ते तवा बदलतात, आणि मग आम्ही अर्धा तास त्या तव्यावरच बोलत बसलो. ही पोस्ट त्यातूनच निघालीय, अमेरिकेतल्या या सकाळच्या अंडं-पावाच्या सँडविचवर.

तव्याची गोष्ट खरी आहे पण. अंड्याला तवा मंद लागतो आणि बर्गरच्या पॅटीला कडकडीत, एकाच तव्यावर एकाच वेळी दोन्ही करायला गेलं तर अंडं तरी करपणार नाहीतर पॅटी तरी कच्ची राहणार. मॅकडोनल्ड्सने 6 ऑक्टोबर 2015 पासून अमेरिकेत दिवसभर नाश्ता द्यायला सुरुवात केली होती, लोक वर्षानुवर्षं मागत होते म्हणून, पण किचनवाल्यांचे हाल झाले असणार. मार्च 2020 मधे कोविडमुळे मेनू आटोपशीर करायचा म्हणून ते बंद केलं आणि मग देशभर परत काही आलं नाही.

आता मुळात ही सकाळची भानगड सुरू कुणी केली. जॅक इन द बॉक्स म्हणून सॅन डिएगोची चेन आहे, त्यांचं ब्रेकफास्ट जॅक नावाचं सँडविच 1969 चं, म्हणजे मान त्यांचा. पण जगभर पोचलं ते मॅकडोनल्ड्सचं एग मॅकमफिन, आणि ते कंपनीच्या कुठल्या लॅबमधे नाही झालं, कॅलिफोर्नियात सँटा बार्बराला हर्ब पीटरसन नावाचा एक फ्रँचायझीवाला होता त्याच्या दुकानात झालं. हा माणूस आधी जाहिरातीच्या धंद्यातला. त्याला एग्ज बेनेडिक्ट फार आवडायचं, म्हणजे इंग्लिश मफिनवर (केकवाला गोड मफिन नाही, चपटा गोल पाव) हॅम, त्यावर पाण्यात शिजवलेलं अंडं आणि वरून लोणी-बलक-लिंबाचा हॉलंडेझ सॉस. हॉटेलात काट्याचमच्याने खायची, प्लेट भरून सांडणारी डिश. ती गाडी चालवताना एका हातात कशी धरायची?

तर त्याने सॉस काढून टाकला आणि त्या जागी चीजची स्लाइस घातली, जी गरम अंड्यावर आपोआप वितळून सॉसचं काम करते. आणि अंड्यासाठी टेफ्लॉनच्या गोल कड्या बनवून घेतल्या, तव्यावर ठेवायच्या, आत अंडं फोडायचं, की अंडं बरोब्बर मफिनच्या मापाचं गोल होतं. मला विचाराल तर सगळी अक्कल त्या कडीत आहे. अंडं, पाव, मांस सगळ्यांकडे होतंच की. पण तव्यावर पसरलेलं अंडं पावाच्या बाहेर लोंबतं, चावलं की निसटतं, आणि ऑफिसच्या शर्टावर बलक. (ऑम्लेट-पाव खाणाऱ्यांना हे सांगायला नको. आपण ते ऑम्लेट चार घड्या घालून पावात कोंबतो आणि तरी एक कोपरा बाहेर राहतोच.) कडी आली आणि कालपरवा कामाला लागलेला पोरगासुद्धा तेच गोल अंडं काढायला लागला.

1971 च्या शेवटी पीटरसनने ते कंपनीचा मालक रे क्रॉकला खाऊ घातलं. क्रॉक जेवून आला होता म्हणे, तरी दोन हाणली. नाव सुचवलं पॅटी टर्नरने, कंपनीतले मोठे साहेब फ्रेड टर्नर यांची बायको. 1975 पर्यंत ते देशभर मिळायला लागलं. मालकाला न आवडायचं कारणच नव्हतं, कारण तोपर्यंत ही दुकानं उघडायची जेवणाच्या वेळेला, म्हणजे सकाळभर जागेचं भाडं चालू, तवे थंड आणि गिऱ्हाईक समोरून गाडीत बसून उपाशी ऑफिसला चाललंय.

आणि तो मफिन इंग्लिश म्हणायचा पण गंमत अशी की अमेरिकेत तो प्रसिद्ध केला सॅम्युअल बाथ थॉमसने, इंग्लंडहून आलेला बेकर, 1880 मधे न्यूयॉर्कला बेकरी टाकली. सुरीने नाही कापायचा हां, काट्याने उकलायचा, मग आत ते खड्डे-खळगे राहतात आणि त्यात लोणी मुरतं. ते खळगे कसे पाडायचे हे त्या कंपनीत म्हणे फक्त सात जणांना पूर्ण माहीत होतं, आणि त्यातला एक जण दुसऱ्या कंपनीत निघाला तर 2010 मधे प्रकरण थेट कोर्टात गेलं आणि कोर्टाने त्याला थांबवलं! पावातल्या भोकांवरून!!

अमेरिकेच्या दक्षिणेत गेलात की मफिन सोडा, तिथे बिस्किट. माझी एक मैत्रीण नॉर्थ कॅरोलिनाला राहते, मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा सकाळी म्हणाली चल चिकन बिस्किट खाऊ, आणि माझ्या डोळ्यासमोर पार्ले-जीवर चिकनचा तुकडा. असं काही नसतं. ताक घालून मळलेली, यीस्ट नसलेली, पदर सुटणारी मऊ गोल वडी असते ती, आपल्या खारीची कुणी श्रीमंत मावशी म्हणा, आणि हातात घेतली की भुगा पडायला लागतो. त्यात तळलेलं चिकन. तिथल्या हार्डीज आणि बोजँगल्स या चेन्स (दुसरी 1977 ला शार्लटमधे निघाली) याच बिस्किटावर मोठ्या झाल्या. इतकं की 2015 ला मॅकडोनल्ड्सने दिवसभर नाश्ता सुरू केला तेव्हा पण काही भागात मफिनवाली सँडविचेस आणि काही भागात बिस्किटवाली अशी वाटणी होती.

बाकीचे पाव पटकन सांगते. 1983 ला बर्गर किंगने क्रॉसाँ घेऊन क्रॉसाँविच काढलं, मला ते चिकट वाटतं. 2003 ला आलं मॅकग्रिडल्स, म्हणजे दोन पॅनकेक आणि त्यांच्या आतच मेपल सिरपचे दाणे, बाहेर हात कोरडा आणि तोंडात गोड, मधे खारट सॉसेज. नवरा त्याच्यावर जीव टाकतो. मला शिऱ्यात खारी मिरची आल्यासारखं होतं.

आता आमच्या न्यू जर्सीचं. इथे चेनपेक्षा डेलीवाला मोठा, म्हणजे कोपऱ्यावरचा सँडविचवाला. इथलं खास म्हणजे पोर्क रोल (डुकराच्या मांसाची चकती), एग अँड चीज, आणि त्यावरून राज्यात उभी फूट आहे कारण उत्तरेतले लोक त्याला टेलर हॅम म्हणतात आणि दक्षिणेतले पोर्क रोल. वस्तू एकच. ट्रेंटनच्या जॉन टेलरने ती 1856 मधे काढली, नाव हॅम, पण 1906 च्या अन्नकायद्यानंतर तिला हॅम म्हणता येईना म्हणून पाकिटावर पोर्क रोल आलं, तोंडात मात्र जुनंच राहिलं. 2016 ला ओबामा इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या पदवीदानाला आले तेव्हा त्यांनीपण यावर विनोद केला होता. ती चकती तव्यावर टाकायच्या आधी कडेला चिरा देतात नाहीतर मधे फुगून वाटी होते. हे मी काचेपलीकडून बघितलेलं, मी डुक्कर खात नाही.

मी आपली एग अँड चीज ऑन अ रोल वाली. नदीपलीकडे न्यूयॉर्कात बोडेगावर, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, बेकन-एग-अँड-चीज हा एकच शब्द आहे, आणि त्याच्यामागे सॉल्टपेपरकेचप हा दुसरा. आमचा डेलीवाला कडी-बिडी काही वापरत नाही. दोन अंडी एका हाताने फोडतो, कालथ्याने बलक मोडतो, वर चीज टाकून चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालतो, तोवर शेजारी कैझर रोल, म्हणजे तो गोल पाव, लोण्यात पालथा पडलेला असतो. मग फॉइल, त्यावर कागद, आणि मधून एक घाव. फॉइलमधे त्याला पाच मिनिटं तशीच ठेवायची, आतल्या वाफेने पाव जरा दमतो आणि सगळं एकजीव होतं. गाडी सुरू करून ऑफिसच्या एक्झिटपर्यंत बरोबर तेवढीच वेळ जाते, हा माझा अनेक वर्षांचा अभ्यास आहे.

तिकडे मुंबईत मॅकडोनल्ड्सने जानेवारी 2017 मधे नाश्ता आणला तेव्हा त्यात मसाला डोसा बर्गर होता, मोलगापोडी सॉस लावलेला, आणि अंडा भुर्जीवालापण होता. ठाण्याहून बहिणीने फोटो पाठवला होता, खाली लिहिलेलं, डोशाचा पाव झाला ताई.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती तेव्हा तिला मुद्दाम त्या डेलीत नेलं. ती काचेला नाक लावून सगळं बघत होती, अंडी फोडणं, घडी, रोल उलटणं, मी तिच्या कानात पीटरसनपासून सगळं सांगत होते. बाहेर बाकावर बसून तिने अर्धं संपवलं, फॉइलला लागलेलं चीजपण बोटाने काढून खाल्लं, आणि मग म्हणाली, "चांगलंय गं. पण एवढा मोठा तापलेला तवा, आणि चिमूटभर कांदा नाही घातला मेल्याने?"