म्हातारी, भाग सात: घाट चढते, उतरताना रुसते

मागच्या खेपेला मोठ्या फुशारकीने लिहिलं होतं की नवा रेग्युलेटर (डिझेलचा दाब सांभाळणारा पंपावरचा व्हॉल्व्ह) बसवला आणि म्हातारी, म्हणजे माझी डिझेल गाडी, गुणी झाली. तीन आठवडे होतीही. परवा कोल्हापूरहून येताना दाजीपूर मागे टाकलं, फोंडा घाट उतरायला घेतला आणि तिसऱ्या वळणावर पिवळा दिवा. लिंप मोड, म्हणजे इंजिन स्वतःच आपली ताकद आवरून घेतं. स्कॅनरवर तोच बिघाडाचा कोड पी००९०, रेग्युलेटर कंट्रोल सर्किट. कणकवलीपर्यंत बैलगाडीच्या चालीने आलो. तिथून मालवणपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर डब्यातला जुना रेग्युलेटर काढून मोजला. कॉइल ३.१ ओहम. नव्याची ३.०. म्हणजे जुना ठणठणीत होता आणि पैसे पाण्यात गेले. आधी मोज, मग बदल, असं तुमच्यापैकी तिघांनी बजावलं होतं. कबूल.

रेल सेन्सर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणारा, चोख आहे (चावी ऑन, इंजिन बंद, ०.५ व्होल्ट). इंजेक्टरची रिटर्न गळती भाग पाचमध्येच तपासून झाली. उरली वायरिंग. कनेक्टर काढून सप्लायच्या पिनवर मल्टीमीटर धरला तर १२.४ व्होल्ट. मागच्या वेळी मी इथेच फसलो होतो. मल्टीमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे तारेतला एक धागा जरी शाबूत असला तरी तो बापडा १२.४ च दाखवणार.

म्हणून या वेळी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला. एक टोक सप्लायच्या पिनला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वाटेला जायचंच नाही. बल्ब पेटला, पण समईसारखा! त्याच्या टोकांवर जेमतेम ८.३ व्होल्ट. बाकीचे ४.१ वाटेतच गडप. करंट साधारण १.४ अँपिअर, म्हणजे तारेतच तीनेक ओहम दडून बसलेत. रेग्युलेटरची कॉइल तीन ओहमची, तिच्या पुढ्यात तारही तीन ओहमची. मिळायचा त्याच्या निम्माच करंट मिळणार.

आणि मग घाटाचं कोडं सुटलं. माझ्या पंपावरचा व्हॉल्व्ह नॉर्मली ओपन आहे. करंट नाही तेव्हा उघडा, जास्त करंट दिला की बंद. चढताना डिझेल हवं असतं, व्हॉल्व्ह उघडा, करंट कमी, तीन ओहम कुणाला जाणवत नाहीत. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ईसीयू म्हणतो, डिझेल तोड, आणि सगळ्यात जास्त करंट तेव्हा मागतो. मागितलेला मिळाला नाही की कोड. मी दोन महिने चढावर डोकं फोडत होतो. (ज्यांचा व्हॉल्व्ह रेलवर आहे त्यांचं गणित बहुतेक उलटं असतं, हे आंधळेपणाने लावू नका.)

बल्ब पेटताच ठेवून मीटरने टप्प्याटप्प्याने मागे गेलो. बॅटरीपासून रिलेच्या आउटपुटपर्यंत ०.०६ व्होल्ट. रिले ते कनेक्टर, चार व्होल्ट. टेप सोलली. कनेक्टरपासून वीतभर अंतरावर इन्सुलेशनला टाचणीएवढं भोक आणि त्याच्या आत हिरवी भुकटी. नखाने दाबल्यावर तार चुरमुऱ्यासारखी मोडली.

ते भोक माझंच. गेल्या पावसाळ्याआधी टेस्ट लॅम्पची सुई तिथे टोचली होती, भाग दोनमध्ये तसा फोटोही आहे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, एका पावसाळ्यात खारी दमट हवा तारेतून आत चढत गेली. टोचायच्या सुया मी आता फेकल्यात. मागून कनेक्टरमध्ये सरकवायचे पातळ प्रोब घ्या, त्यांनी इन्सुलेशन फाटत नाही.

शेजारचे काका ट्रॉलरांची वायरिंग करतात. त्यांना तुकडा दाखवला तर हसले. "झिला, तार भायरसून बरी दिसता, आतसून कुसता." लाल तांबं दिसेपर्यंत बावीस सेंटिमीटर कापावं लागलं. काकांनी बोटीला वापरतात ती कथिलाचा मुलामा दिलेली तार दिली. गाड्यांच्या दुकानातली चकचकीत तांब्याची तार किनाऱ्यावर दोन पावसाळे काढत नाही, हे माझं ठाम मत. जोड क्रिंप केला, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक. सोल्डर मुद्दाम टाळलं. सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने तुटते.

पुन्हा बल्ब. भर दुपारीसुद्धा डोळे दिपले. तारेतला ड्रॉप ०.०८ व्होल्ट. गाडी सुरू केली, आयडलला रेलमधल्या दाबाची मागणी २८० बार, प्रत्यक्ष २७८ ते २८३. तो आकडा मी चहा गार होईस्तोवर बघत बसलो होतो. ऑसिलोस्कोप घ्यायचा बेत रद्द, पंप उतरवायचा तर कायमचाच रद्द. रविवारी फोंडा घाट, वरून खाली, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून.

हे इथपर्यंत लिहून झालं आणि भाग दोनचा फोटो पुन्हा उघडला. सुई दोन तारांवर टोचलेली दिसते. सप्लायच्या आणि ईसीयूकडे जाणाऱ्या कंट्रोलच्याही.

टॉर्च घेऊन खळ्यात जाऊन आलो. उरलेली टेप सोलली. भोक आहे, आणि कडेला हिरवा ठिपका धरायला लागलाय. रविवारचा घाट पुढे ढकलला. काकांकडे त्या तारेचा अजून मीटरभर तुकडा आहे, सकाळी ते बंदरावर जायच्या आत गाठायला हवं.