कर्ज त्यांचं, पत्ता आमचा

कोथरूडचा हा फ्लॅट आम्ही रिसेलमध्ये घेतला. राहायला आलो त्याच महिन्यात एका कर्ज देणाऱ्या कंपनीचं पहिलं पाकीट आलं. नाव इथल्या आधीच्या भाडेकरूचं, पत्ता आमचा. मग दर पंधरा दिवसांनी एक, वर लाल अक्षरांत ‘अंतिम सूचना’.

पोस्टमनकाका म्हणाले, “फोडू नका ताई, वर लिहून परत द्या.” मी प्रत्येक पाकिटावर ‘ही व्यक्ती येथे राहत नाही’ असं लिहून सही करून परत देत राहिले. पत्रं थांबली नाहीत.

एका संध्याकाळी पावणेआठला दोन माणसं दारात आली. घरी सासूबाई एकट्या, वय ७६. “ते कुठे गेलेत सांगा, नाहीतर रोज येऊ,” हे अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मी घरी पोहोचले तेव्हा दाराला आतून कडी, साखळी आणि वर खुर्ची लावलेली. ज्या बाईने आयुष्यात वाण्याकडे उधारी ठेवली नाही, ती मला विचारत होती, “आपलं घर जप्त नाही ना करणार?” मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. “कर्ज खात्याचा नंबर सांगा.” अहो, माझं कर्जच नाही! “मग तक्रार घेता येत नाही.” तीन वेळा हेच. पुढचं पाकीट आलं तेव्हा परत देण्याआधी उजेडात नीट पाहिलं. खिडकीच्या पारदर्शक कागदातून नावाच्या वर बारीक अक्षरांत एक लांब नंबर दिसत होता. तोच खाते क्रमांक निघाला.

मग फोन बंद, सगळं लेखी. कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याचा, ईमेल सापडला. सोबत इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा (किंमत झाकून), सोसायटीचं पत्र आणि पाकिटांचे तारखांसह फोटो जोडले. माणसं आली ती तारीख, वेळ लिहिली. ओळखपत्र, अधिकारपत्र काहीच दाखवलं नाही, हेही लिहिलं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीसाठी खुद्द कर्जदारालाही सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, त्याची आठवण दिली. मागणी एकच: हा पत्ता नोंदीतून काढा आणि काढल्याचं लेखी कळवा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेकडे जाईन. त्यांनी ‘पडताळणीसाठी’ माझं पॅन आणि आधार मागितलं. दिलं नाही. ज्या कर्जाशी माझा संबंध नाही, त्याच्या फाइलमध्ये माझं पॅन कशाला?

शेजारच्या काकूंनी “तुमचाही सिबिल खराब होईल” म्हणून घाबरवलं होतं. आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद दाखवणारा क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढला. त्यात आमचं गृहकर्ज सोडून काही नव्हतं. कर्जाची नोंद माणसाच्या नावावर होते, घराच्या पत्त्यावर नाही.

अकराव्या दिवशी उत्तर आलं: पत्ता काढला आहे, वसुली एजन्सीलाही कळवलं आहे. त्याची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून सासूबाईंना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून दाराजवळच्या खणात ठेवली आणि खुर्ची उचलून पुन्हा बाल्कनीत नेली.