सारागोसा : गोयाच्या चित्रातली खुर्ची

माद्रिदहून वेगवान रेल्वेने सव्वा तासात सारागोसा येतं. बहुतेक पर्यटक एब्रो नदीकाठची पिलारची बॅसिलिका, म्हणजे इथलं मोठं चर्च, बघतात आणि बार्सिलोनाची वाट धरतात. मी आधी पुएर्ता देल कार्मेन गाठलं. भर रहदारीत उभी असलेली ही जुनी दगडी वेस, नेपोलियनच्या फौजांनी घातलेल्या वेढ्यांतल्या गोळ्यांचे खड्डे अजून अंगावर वागवते. १८०८-०९ मध्ये दोनदा वेढा पडला. दुसऱ्या वेढ्यात ५० हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातली कितीतरी तापाच्या साथीने.

पहिला वेढा उठल्यावर शहर लढवणाऱ्या सेनापती पालाफोक्सने स्पॅनिश चित्रकार गोयाला इथे बोलावून घेतलं होतं. शहराचा पराक्रम रंगवावा म्हणून. पुढे गोयाच्या हातून उतरली ती ‘युद्धाची अरिष्टं’ ही एचिंगची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांची मालिका. इथल्या गोया संग्रहालयात ती पाहायला मिळते.

तिसाव्या चित्रापाशी मी खिळून राहिलो. आकार जेमतेम १४ बाय १७ सेंटिमीटर, त्यामुळे अगदी काचेला नाक लावून बघावं लागतं. तोफगोळ्याने घराची जमीन खचलीय. तुळया, बायका, एक तान्हं मूल, सगळं एकमेकांवर कोसळतंय. आणि वर अधांतरी एक खुर्ची, साधी घरातली. कुणीतरी क्षणापूर्वी तिच्यावर बसलेलं असणार! युद्धाच्या धामधुमीत तांबं मिळेना, तेव्हा गोयाने आपल्याच एका निसर्गचित्राचा पत्रा कापून त्याच्या पाठीवर हे कोरलं.

शत्रू मात्र चित्रात कुठेच नाही. सव्विसाव्या चित्रातही गुडघे टेकून गयावया करणाऱ्या माणसांवर उजव्या कडेतून फक्त संगिनी आत आल्यात, त्या धरणारे हात दिसत नाहीत. सातव्यात सारागोसाची लाडकी वीरांगना आगुस्तिना तोफेला बत्ती देतेय, पण तीही पाठमोरी, आणि पायाखाली प्रेतांचा खच. मला वाटतं, गोयाचं मोठेपण इथेच आहे. पराक्रम रंगवायला बोलावलेल्या माणसाने मरणाऱ्यांची बाजू घेतली.

त्याच्या हयातीत ही मालिका प्रसिद्ध झाली नाही. तो १८२८ मध्ये बोर्दोला वारला आणि ८० चित्रांचा संच छापून निघाला १८६३ मध्ये. मूळ तांब्याचे पत्रे माद्रिदला आहेत.

सारागोसाला उतरलात तर बॅसिलिकेपासून संग्रहालय चालत पाच-सात मिनिटांवर आहे. घाईत जाऊ नका. दोन तास तरी हाताशी ठेवा, आणि शक्य असेल तर वेस आधी बघा, चित्रं नंतर.